पक्षाबाहेरचा अर्थमंत्री : १९५० मधील चिंतामणराव देशमुख

१९५० च्या उन्हाळ्यात चिंतामण द्वारकानाथ देशमुख भारताचे अर्थमंत्री झाले. प्रजासत्ताक जेमतेम चार महिन्यांचे होते. देशमुखांचे वय चौपन्न होते. त्यांनी तोवर एकही निवडणूक लढवली नव्हती आणि काँग्रेसच्या चळवळीत भाग घेतला नव्हता. उलट त्यांची वीसेक वर्षे ब्रिटिश सरकारच्या सनदी सेवेत गेली होती आणि १९४४ मध्ये त्याच सरकारने त्यांना ‘सर’ हा किताब दिला होता. तरीही पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी देशाची तिजोरी त्यांच्या हाती सोपवली. या निवडीमागे काय होते आणि हा नवा अर्थमंत्री देशाच्या अर्थकारणाकडे कोणत्या नजरेने पाहत होता, हे समजून घेण्यासाठी त्या वेळची परिस्थिती आणि देशमुखांची घडण दोन्ही पाहाव्या लागतात.

रिकामे झालेले पद

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या मंत्रिमंडळात अर्थखाते सुरुवातीपासून पक्षाबाहेरच्या जाणकारांकडे राहिले. पहिले अर्थमंत्री आर. के. षण्मुखम चेट्टी हे जस्टिस पार्टीच्या परंपरेतले, कोचीन संस्थानाचे दिवाण राहिलेले गृहस्थ. करचुकवेगिरीच्या चौकशीवरून उठलेल्या वादात ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेले जॉन मथाई अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते आणि टाटा उद्योगसमूहात मोठ्या जबाबदारीवर होते.

मथाई आणि नेहरू यांच्यात मतभेद झाले ते मुख्यतः नियोजन आयोगावरून. १५ मार्च १९५० रोजी मंत्रिमंडळाच्या ठरावाने हा आयोग स्थापन झाला. पंतप्रधान स्वतः त्याचे अध्यक्ष होते. गुलझारीलाल नंदा, व्ही. टी. कृष्णम्माचारी, जी. एल. मेहता, रा. कृ. पाटील आणि चिंतामणराव देशमुख हे सदस्य होते. मथाईंचा आक्षेप असा की खर्चाचे निर्णय घेणारी ही दुसरी यंत्रणा हळूहळू समांतर मंत्रिमंडळ बनेल आणि खर्चावर अंकुश ठेवण्याची अर्थखात्याची जबाबदारी नावापुरती उरेल. त्यांनी पद सोडले आणि आपला आक्षेप जाहीरही केला.

या पार्श्वभूमीवर देशमुखांची निवड झाली. ते आयोगाचे सदस्य होतेच. आता अर्थमंत्रीही झाले. मथाईंना ज्या दोन यंत्रणांत संघर्ष दिसत होता, त्या दोन्ही ठिकाणी आता एकच माणूस बसणार होता. योजना आखणाऱ्याने पैशाची सोयही पाहावी आणि पैसा सांभाळणाऱ्याने योजनेचे उत्तरदायित्वही घ्यावे, अशी ही व्यवस्था होती. ती चालवण्याची तयारी देशमुखांच्या आधीच्या तीस वर्षांत झाली होती.

नाते ते केंब्रिज

देशमुखांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, महाडजवळच्या नाते या गावी झाला. रायगड किल्ल्याच्या परिसरातले हे गाव. कुटुंब मूळ रोह्याचे, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजातले. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख वकील होते, आईचे नाव भागीरथीबाई. कोकणातल्या सुशिक्षित घरांतून त्या काळी मुलांना सरकारी नोकरी, वकिली किंवा शिक्षकी या वाटा दिसत. त्यांतल्या पहिल्या वाटेवर देशमुख फार दूर गेले.

१९१२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. संस्कृतची ही आवड त्यांनी आयुष्यभर जपली. पुढे त्यांनी कालिदासाच्या ‘मेघदूता’चा मराठीत अनुवाद केला. एल्फिन्स्टन कॉलेजमधून ते इंग्लंडला केंब्रिजच्या जीझस कॉलेजात गेले. तेथे त्यांनी घेतलेले विषय भावी अर्थमंत्र्याच्या दृष्टीने अनपेक्षित आहेत : वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. १९१७ मध्ये निसर्गविज्ञानाची पदवी परीक्षा ते उत्तीर्ण झाले आणि वनस्पतिशास्त्राचे फ्रँक स्मार्ट पारितोषिक त्यांना मिळाले. पुढच्या वर्षी, १९१८ मध्ये, लंडनला झालेल्या भारतीय सनदी सेवेच्या (आय.सी.एस.) परीक्षेत ते पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले.

अर्थशास्त्राचे रीतसर उच्च शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. वनस्पतिशास्त्रात नमुने गोळा करून, त्यांचे वर्गीकरण करून मगच निष्कर्ष काढावा लागतो. आकडे नीट जमवल्याशिवाय धोरणाची चर्चा पुढे नेऊ नये हा त्यांचा पुढचा आग्रह या अभ्यासाशी जुळणारा होता. कोणत्याही एका आर्थिक पंथाचे शिक्कामोर्तब त्यांच्यावर झाले नव्हते, हाही त्या शिक्षणाचा एक परिणाम म्हणता येईल.

मध्य प्रांतातली वर्षे

आय.सी.एस. अधिकारी म्हणून देशमुखांची नेमणूक मध्य प्रांत आणि वऱ्हाडात झाली. नागपूर ही या प्रांताची राजधानी. प्रांताच्या काही भागांत मराठी, काही भागांत हिंदी बोलली जाई. एकीकडे वऱ्हाडचा कापूस, दुसरीकडे छत्तीसगडचा भात आणि मध्ये जंगलांचा मोठा पट्टा होता. येथे त्यांनी डेप्युटी कमिशनर आणि जमाबंदीचे काम पाहणारा अधिकारी म्हणून काम केले. जमाबंदी म्हणजे गावोगावच्या जमिनीची प्रत, पाण्याची सोय, पीक आणि बाजारभाव पाहून शेतसारा ठरवणे. शेतकऱ्याच्या हाती नेमके काय उरते आणि सरकार त्यातले किती घेऊ शकते, याचा हिशेब या कामात शेताच्या बांधावर उभे राहून करावा लागे.

पुढे ते प्रांताचे महसूल सचिव आणि मग अर्थसचिव झाले. ही पदे मिळवणाऱ्यांत ते वयाने सर्वांत लहानांपैकी होते. १९३१ मध्ये लंडनला झालेल्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयातही त्यांनी काम केले. या काळातले त्यांचे सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे सर ऑटो निमायर यांच्या चौकशीसाठी तयार केलेले निवेदन. १९३५ च्या कायद्याने प्रांतांना स्वायत्तता मिळणार होती. पण प्राप्तिकरासारख्या मोठ्या करांचे उत्पन्न केंद्राकडे आणि शाळा, दवाखाने, रस्ते यांचा खर्च प्रांतांकडे अशी विभागणी होती. केंद्राने प्रांतांना किती वाटा द्यावा, हे निमायर यांना ठरवायचे होते. मध्य प्रांताची बाजू मांडणारे देशमुखांचे निवेदन त्या वेळी नावाजले गेले. केंद्र आणि घटकराज्ये यांच्यातले पैशाचे भांडण त्यांनी असे आधी गरीब प्रांताच्या बाजूने पाहिले होते. अर्थमंत्री झाल्यावर त्यांना ते केंद्राच्या बाजूने सोडवायचे होते.

रिझर्व्ह बँकेतील दशक

१९३९ मध्ये देशमुख रिझर्व्ह बँकेत आले. बँक तेव्हा चार वर्षांची होती. सरकार आणि बँक यांच्यात समन्वय ठेवणारा अधिकारी म्हणून त्यांची सुरुवात झाली. काही महिन्यांत ते बँकेच्या मध्यवर्ती मंडळाचे सचिव झाले आणि १९४१ च्या अखेरीस डेप्युटी गव्हर्नर. गव्हर्नर सर जेम्स टेलर यांचे फेब्रुवारी १९४३ मध्ये निधन झाले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी देशमुख बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. जून १९४९ अखेरपर्यंत ते या पदावर होते.

ही वर्षे महायुद्ध, फाळणी आणि स्वातंत्र्य यांची होती. युद्धकाळात ब्रिटनने भारतातून कापड, अन्नधान्य, ज्यूट, लष्करी सामान प्रचंड प्रमाणात घेतले. त्याची किंमत लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपात भारताच्या खात्यावर जमा होई. इकडे मात्र माल पुरवणाऱ्यांना रुपये लागत, आणि रिझर्व्ह बँक त्या स्टर्लिंगच्या आधारावर नव्या नोटा काढून ते देई. माल देशाबाहेर आणि नोटा देशात, अशी स्थिती झाली. युद्धाच्या काळात चलनातल्या नोटा सहापटींहून अधिक वाढल्या. भाव भडकले, आणि त्याची सर्वांत भीषण किंमत १९४३ च्या दुष्काळात बंगालने मोजली. त्या दुष्काळाला इतरही कारणे होती, पण चलनवाढ हे त्यांतले एक ठळक कारण होते.

देशमुख गव्हर्नर झाले ते नेमक्या याच दिवसांत. लोकांच्या हातातला जादा पैसा ओढून घेण्यासाठी मित्रराष्ट्रांच्या वतीने रिझर्व्ह बँकेने त्याच महिन्यापासून बाजारात सोने विकायला सुरुवात केली. सरकारी कर्जरोखे आणि अल्पबचत यांवरही भर देण्यात आला. युद्ध चालू असताना मध्यवर्ती बँकेच्या हातात मर्यादित उपाय होते. पण चलनवाढीचा बोजा शेवटी मजूर, पगारदार आणि अल्पभूधारक यांच्यावर पडतो, हे त्यांनी आकड्यांतून आणि प्रत्यक्षात पाहिले.

जानेवारी १९४६ मध्ये सरकारने पाचशे, एक हजार आणि दहा हजार रुपयांच्या नोटा रद्द केल्या. काळा पैसा बाहेर काढणे हा हेतू होता. बहुतेक नोटा बदलून घेतल्या गेल्या. हा उपाय फारसा मूलगामी नव्हता आणि काळाबाजारवाल्यांना धाक बसवण्याचा हेतूही त्यातून नीट साधला नाही, असे देशमुखांचे नंतरचे मत होते. नाट्यमय आर्थिक उपायांविषयी त्यांना वाटणारी शंका त्यातून दिसते.

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्स परिषदेत ते भारतीय शिष्टमंडळाचे सदस्य होते. सर जेरेमी रेझमन त्याचे नेते. चेट्टी आणि उद्योगपती ए. डी. श्रॉफ हेही सोबत होते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा पाया याच परिषदेत घातला गेला. ब्रिटनकडे अडकलेली भारताची स्टर्लिंग शिल्लक आणि गरीब देशांचा विकास हे प्रश्न भारताने तेथे मांडले. युद्धाच्या अखेरीस ही शिल्लक सुमारे १,७०० कोटी रुपयांवर पोहोचली होती. स्टर्लिंगबाबत भारताला हवे ते परिषदेत मिळाले नाही. तो प्रश्न पुढे ब्रिटनशी थेट वाटाघाटी करून सोडवावा लागला. मात्र या दोन्ही नव्या संस्थांच्या नियामक मंडळावर देशमुख पुढे दहा वर्षे होते. अर्थमंत्री झाल्यावर लगेच, १९५० मध्ये, पॅरिसला झालेल्या त्यांच्या संयुक्त वार्षिक बैठकीचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले.

फाळणीनंतर काही काळ रिझर्व्ह बँकच भारत आणि पाकिस्तान दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक होती. ही व्यवस्था ३० जून १९४८ पर्यंत चालली. १ जानेवारी १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले. भागधारकांच्या बँकेपासून सरकारी बँकेपर्यंतचा हा बदल देशमुखांच्याच कारकिर्दीत झाला. बँकेचा संशोधन विभाग त्यांच्याच काळात उभा राहिला आणि १९४७ पासून तिचे मासिक प्रसिद्ध होऊ लागले. पी. सी. महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे ते १९४५ पासून अध्यक्ष होते. नंतर त्यांच्या अर्थमंत्रिपदाच्या काळात राष्ट्रीय नमुना पाहणीचे काम सुरू झाले आणि देशातल्या कुटुंबांच्या खर्चाची, शेतीची, रोजगाराची माहिती नियमितपणे गोळा होऊ लागली.

१९५० ची तिजोरी

देशमुखांच्या हाती आलेली अर्थव्यवस्था नाजूक होती. १९५१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या ३६ कोटी १० लाख भरली. साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती. १९५०-५१ मध्ये अन्नधान्याचे उत्पादन सुमारे पाच कोटी टन होते. शहरांत रेशनिंग चालू होते. फाळणीने ज्यूट आणि कापूस पिकवणारा मोठा प्रदेश पाकिस्तानात गेला होता आणि गिरण्या बहुतांशी भारतात राहिल्या होत्या. निर्वासितांच्या पुनर्वसनाचा खर्च होता. केंद्राच्या महसुली खर्चाचा जवळपास निम्मा हिस्सा संरक्षणावर जात होता.

सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाचे अवमूल्यन केले आणि भारतानेही रुपयाची किंमत त्याच प्रमाणात, म्हणजे ३०.५ टक्क्यांनी, उतरवली. एका डॉलरसाठी आधी ३ रुपये ३० पैशांच्या आसपास पडत, आता ४ रुपये ७६ पैसे पडू लागले. पाकिस्तानने मात्र अवमूल्यन केले नाही. त्यामुळे दोन्ही देशांतला व्यापार विनिमय दराच्या वादात अडकला आणि कलकत्त्याच्या ज्यूट गिरण्यांना कच्च्या मालाची टंचाई भासली. स्टर्लिंग शिल्लक आयात, ब्रिटिशांनी मागे ठेवलेल्या लष्करी साठ्याची किंमत, ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाची तरतूद आणि पाकिस्तानचा वाटा यांत झपाट्याने कमी होत होती. देशाची एकूण गुंतवणूक राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाच टक्क्यांच्या आसपास होती. वाढत्या लोकसंख्येला पोसून राहणीमान उंचावायचे तर ती अनेक पटींनी वाढवणे भाग होते.

अर्थमंत्र्याची दृष्टी

देशमुखांच्या आर्थिक विचाराला चार बाजू होत्या.

पहिली बाजू भावांच्या स्थैर्याची. युद्धकाळातल्या अनुभवाने त्यांचा हा आग्रह पक्का केला होता. सरकारने नोटा छापून खर्च भागवला तर त्याची वसुली महागाईच्या रूपाने गरिबांकडूनच होते. म्हणून विकासाचा खर्च शक्यतो कर, बचत आणि कर्ज यांतून यावा. तुटीचा मार्ग मोजून-मापूनच वापरावा, असे ते मानत.

दुसरी बाजू नियोजनाची. देशमुखांना नियोजन हवे होते आणि त्यांनी ते मनापासून स्वीकारले होते. पण त्यांच्या लेखी योजनेची सुरुवात साधनांच्या हिशेबाने होत असे. किती पोलाद हवे, किती कालवे हवेत याआधी किती पैसा, किती परकीय चलन, किती प्रशिक्षित माणसे उपलब्ध आहेत, हे पाहायचे. जमाबंदी अधिकाऱ्याची ही जुनीच रीत होती : सारा ठरवण्याआधी पीक किती आले ते पाहा.

तिसरी बाजू सरकार आणि खाजगी क्षेत्र यांच्या संबंधाची. खाजगी उद्योगाला त्यांचा तात्त्विक विरोध नव्हता. पण बाजार आपोआप शेतकऱ्यापर्यंत कर्ज पोहोचवील किंवा विमेदाराचे पैसे सुरक्षित ठेवील, यावर त्यांचा भरवसा नव्हता. जेथे एखादे काम बाजार करत नाही किंवा चुकीचे करतो, तेथे सरकारने संस्था उभारावी किंवा ताब्यात घ्यावी, इतपत त्यांची भूमिका होती. राष्ट्रीयीकरणाचे त्यांचे निर्णय या भूमिकेतून आले. समाजवादी गटांशी त्यांचा फारसा संबंध नव्हता.

चौथी बाजू संस्था आणि नियम यांची. मंत्री बदलतात, पण नीट घडवलेली संस्था आणि स्पष्ट कायदा टिकतो, हा सनदी अधिकाऱ्याचा विश्वास त्यांच्या सर्व कामांत दिसतो. लोकप्रियतेसाठी भाषणे करण्याचा त्यांचा पिंड नव्हता. त्यांचे अर्थसंकल्पीय निवेदन आकड्यांनी भरलेले, नेमके आणि संयत असे.

पहिली कसोटी

पद स्वीकारून महिनाही झाला नव्हता तोच, २५ जून १९५० रोजी, कोरियात युद्ध सुरू झाले. जगभर कच्च्या मालाचे भाव वाढले. भारताच्या ज्यूट, चहा, मँगनीज यांना परदेशात चांगली किंमत मिळू लागली. पण देशातली महागाईही वाढली. त्याच सुमारास अन्नधान्याचा तुटवडा तीव्र झाला. १९५१ मध्ये अमेरिकेने गहू खरेदीसाठी भारताला १९ कोटी डॉलरचे कर्ज दिले. फेब्रुवारी १९५१ मध्ये पाकिस्तानशी अडकलेला व्यापारही पुन्हा सुरू झाला.

महागाईला तोंड देताना देशमुखांचे चलनविषयक विचार प्रत्यक्षात उतरले. नोव्हेंबर १९५१ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकदर, म्हणजे इतर बँकांना पैसे देण्याचा आपला व्याजदर, ३ टक्क्यांवरून साडेतीन टक्के केला. तोवर तो सोळा वर्षे जागचा हलला नव्हता. अर्धा टक्का ही वाढ लहान वाटते, पण स्वस्त पैशाचा काळ संपल्याचा संदेश व्यापाऱ्यांपर्यंत पोहोचला. साठेबाजांना कर्ज घेऊन माल दाबून ठेवणे महाग पडू लागले. कोरियातल्या युद्धामुळे आलेल्या तेजीचा भर ओसरल्यावर मार्च १९५२ मध्ये भाव एकदम कोसळले.

पहिल्या पंचवार्षिक योजनेचा मसुदा जुलै १९५१ मध्ये आणि अंतिम रूप डिसेंबर १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. तिचा आकार सुरुवातीला २,०६९ कोटी रुपयांचा होता. शेती, पाटबंधारे आणि वीज यांना अग्रक्रम होता. नव्या अवजड उद्योगांसाठी फार पैसा ठेवलेला नव्हता. साधनांइतकीच झेप घ्यायची, या देशमुखांच्या विचाराशी ही योजना मिळतीजुळती होती. पाऊसपाणीही चांगले झाले. योजनेच्या अखेरीस अन्नधान्याचे उत्पादन ६ कोटी ६८ लाख टनांवर गेले, राष्ट्रीय उत्पन्नाची वाढ ठरवलेल्यापेक्षा जास्त झाली आणि घाऊक भाव योजनेच्या सुरुवातीपेक्षा खाली होते. वाढ झाली आणि महागाई आटोक्यात राहिली, असे पुढच्या योजनांत क्वचितच घडले.

उभारलेल्या संस्था

१९५१ च्या अखेरीस के. सी. निओगी यांच्या अध्यक्षतेखाली पहिला वित्त आयोग नेमला गेला. प्राप्तिकरातला राज्यांचा वाटा ५० टक्क्यांवरून ५५ टक्के झाला आणि तंबाखू, काड्यापेट्या, वनस्पती तूप यांवरच्या उत्पादनशुल्कातही राज्यांना हिस्सा मिळाला. निमायर यांच्यासमोर एका प्रांताने जी बाजू मांडली होती, तिला आता राज्यघटनेच्या आधाराची कायम व्यवस्था मिळाली. १९५३ मध्ये मृत्यूनंतरच्या संपत्तीवरचा वारसाकर आला आणि करपद्धतीची तपासणी करण्यासाठी आयोग नेमला गेला. त्याचे अध्यक्षपद जॉन मथाईंकडे गेले.

शेतकऱ्याच्या कर्जाचा प्रश्न रिझर्व्ह बँकेपासून देशमुखांसमोर होता. १९५१ मध्ये नेमलेल्या ग्रामीण पतपाहणी समितीचे अध्यक्ष ए. डी. गोरवाला होते आणि धनंजयराव गाडगीळ तिचे सदस्य. खेड्यातला बहुतेक कर्जपुरवठा सावकार आणि व्यापारी यांच्याकडून होतो, सहकारी संस्था आणि सरकार यांचा वाटा अगदी नगण्य आहे, हे या पाहणीने आकड्यांनिशी दाखवले. समितीच्या शिफारशीवरून इम्पीरियल बँक सरकारच्या ताब्यात आली आणि १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक ऑफ इंडिया स्थापन झाली. पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याची जबाबदारी तिच्यावर टाकण्यात आली. तालुक्याच्या गावी बँक जाण्याची ही सुरुवात होती.

१९ जानेवारी १९५६ च्या संध्याकाळी देशमुखांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. वटहुकूम इतक्या गुप्तपणे तयार झाला होता की विमा कंपन्यांना कागदपत्रे वा पैसे हलवायला अवधीच मिळाला नाही. काही कंपन्यांच्या चालकांनी विमेदारांचे पैसे आपल्या इतर धंद्यांत वापरले होते, हे या निर्णयामागचे मोठे कारण होते. योजनेसाठी दीर्घ मुदतीची बचत मिळणे हे दुसरे. २४५ संस्था एकत्र करून त्या वर्षी १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ सुरू झाले. कंपन्यांच्या कारभाराला शिस्त लावणारा कंपनी कायदाही १९५६ मध्येच झाला.

टीका आणि मर्यादा

देशमुखांवर दोन्ही बाजूंनी टीका झाली. उद्योगपतींना राष्ट्रीयीकरण आणि नवे कर खटकले. डाव्या विचारांच्या लोकांना ते फार सावध वाटले. अर्थशास्त्राच्या दृष्टीने अधिक गंभीर प्रश्न दुसऱ्या योजनेच्या वेळी आला. महालनोबिस यांच्या आराखड्यावर आधारलेल्या या योजनेत सार्वजनिक खर्च ४,८०० कोटी रुपयांचा होता आणि त्यातले १,२०० कोटी तुटीच्या अर्थभरणातून येणार होते. योजनेचा विचार करण्यासाठी नेमलेल्या अर्थतज्ज्ञांच्या मंडळाचे अध्यक्ष देशमुखच होते. त्या मंडळातले बी. आर. शेणॉय यांनी भिन्नमतपत्रिका जोडून, एवढी तूट महागाईला आमंत्रण देईल असा इशारा दिला. मंडळाने मात्र आराखड्याला साथ दिली.

साधनांचा हिशेब आधी मांडण्याचा आग्रह धरणाऱ्या देशमुखांनी या वेळी आपली सावधगिरी थोडी सैल केली. पहिल्या योजनेच्या यशामुळे आलेला आत्मविश्वास, अन्नधान्याचे उतरलेले भाव आणि नेहरूंचा औद्योगिकीकरणावरचा भर ही त्याची कारणे म्हणता येतील. १९५७ मध्ये परकीय चलनाची टंचाई तीव्र झाली तेव्हा देशमुख मंत्रिमंडळात नव्हते. पण त्या योजनेच्या आखणीत त्यांचा वाटा होता, हे नोंदवणे आवश्यक आहे. पक्षात स्वतःचा गट नसल्याचा तोटाही त्यांना झाला. मंत्रिमंडळात त्यांचा शब्द ज्ञान आणि पंतप्रधानांचा विश्वास यांवर चाले, आणि हा विश्वास एका प्रश्नावर पुरेसा ठरला नाही.

राजीनामा

हा प्रश्न अर्थकारणाचा नव्हता. १९५२ च्या निवडणुकीत देशमुख काँग्रेसच्या उमेदवारीवर कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले होते. भाषावार राज्यरचनेत मुंबई शहर महाराष्ट्राला न देता केंद्रशासित करण्याचे सरकारने जानेवारी १९५६ मध्ये ठरवले. मुंबईत आंदोलन पेटले आणि पोलिसांच्या गोळीबारात अनेक माणसे मारली गेली. देशमुखांनी त्याच महिन्यात राजीनामा देऊ केला, पण नेहरूंच्या आग्रहामुळे काही काळ ते थांबले. विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा याच दिवसांतली. अखेर जुलै १९५६ मध्ये ते मंत्रिमंडळाबाहेर पडले. मुंबईविषयीचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर चर्चा न करता घेतला गेला आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, हे आक्षेप त्यांनी लोकसभेतल्या निवेदनात मांडले. त्यांच्यानंतर अर्थखाते टी. टी. कृष्णम्माचारी यांच्याकडे गेले. मुंबईसह महाराष्ट्राचे राज्य १ मे १९६० रोजी झाले, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या इतिहासात या राजीनाम्याची ठळक नोंद आहे.

पुढे देशमुख विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. अर्थमंत्री म्हणून त्यांची सहा वर्षे पाहिली तर १९५० मध्ये नेहरूंनी केलेली निवड बहुतांशी सार्थ ठरलेली दिसते. मथाईंनी वर्तवलेला संघर्ष देशमुखांच्या काळात उघड झाला नाही, कारण योजना आणि तिजोरी यांचा मेळ एकाच व्यक्तीने घातला होता. ही सोय व्यक्तीवर अवलंबून होती, त्यामुळे नियोजन आयोग आणि अर्थखाते यांच्या अधिकारांचा वाद पुढच्या काळात पुन्हा पुन्हा वर आला. स्टेट बँक, आयुर्विमा महामंडळ आणि दर पाच वर्षांनी बसणारा वित्त आयोग मात्र आजही काम करत आहेत.